देस्पिनेच्या डुकरिणीचं लोढणं

लेखुरी, वरचा स्वानेती
४ नोव्हेंबर १९७३

चि. ओतिया,

मामाचा आशीर्वाद. देवाचाही पाठवला असता, पण तो तुला चालत नाही. उगाच परत यायचा आणि टपालवाला आपल्याच खिशात घालायचा.

बसवाला शोता खाली कुताइसीला येतोय, त्याच्याबरोबर पिशवी देतोय. तिच्यात धुरावर धरलेली डुकराची एक अख्खी मांडी आहे, मामीने केलेल्या मांस भरलेल्या कुबदाऱ्या आहेत, आणि आराकीची एक बाटली आहे. बाटली अर्धी निघाली तर शोताच्या तोंडाचा वास घे.

मांडी कुठली ते विचारू नकोस. घरची आहे. संत गिओर्गीची शपथ, घरचीच.

पिशवीच्या तळाशी एक लाकडी त्रिकोण आहे. त्याच्याकडे बघत बसू नकोस. जुनं, वाळलेलं लाकूड आहे, सरळ शेगडीत घाल आणि ऊब घे. तू म्हणशील, मामाला स्वानेतीत चूल नाही का? आहे रे. पण सध्या फार धुरकटते. आईची शपथ.

तू पोरांना अजून तेच शिकवतोस का, वर कोणी नाही म्हणून? जे नाहीच त्याच्यावर तास घ्यायचे आणि सरकारकडून पगार घ्यायचा! उद्या मी नसलेल्या गाईंच्या धारा काढायला बसतो, मला देतील का कोणी?

बाकी गावात ठीक. शेजारच्या देस्पिनेची डुकरीण हरवली म्हणून ती जरा आरडाओरडा करते आहे. नवरा गेल्यापासून ओरडायला हक्काचं माणूस उरलं नाही, त्यामुळे तेवढंच निमित्त. अस्वलाने नेली असणार. मी तिला तसं सांगितलंही. सबंध दुपार तिच्याबरोबर रानात हाका मारत हिंडलो. शेजारधर्म आहे शेवटी.

तुझा मामा,
मुर्झाकान


कुताइसी
१९ नोव्हेंबर १९७३

ती. मामा,

नमस्कार. मांडी पोचली. बाटली अर्धीच पोचली. शोता म्हणतो, वळणावर सांडली. बूच घट्ट होतं, पण असो.

मांडीबद्दल काय सांगू! आमच्या विभागप्रमुखांना जेवायला बोलावलं होतं. गृहस्थ एरवी हसतसुद्धा नाहीत. तिसऱ्या तुकड्यानंतर म्हणाले, "ओतिया, देव नाही हे मी कुठेही सिद्ध करून देईन, पण या मांडीसमोर नको." जाताना हाड कागदात गुंडाळून घेऊन गेले. सूप करणार म्हणे.

त्रिकोण जाळला नाही. आमच्या इमारतीत गरम पाण्याच्या नळ्या आहेत, शेगडी कुठली? दाराशी भिंतीवर ठोकला आणि कोट टांगायला घेतला. काय सुरेख खुंटी झाली आहे! आणि मामा, पुसल्यावर वरच्या कोपऱ्यात कोरलेला क्रूस दिसला, भोवती द्राक्षाची वेल. कोणाचा हात आहे रे हा? आमच्या घरमालकीणबाई रोज सकाळी येता-जाता माझ्या कोटाला हात जोडतात. निरीश्वरवादाच्या मास्तराचा कोट!

परवा वर्गात एका मुलीने विचारलं, "सर, वरून कोणी बघत नसेल, तर मी चोरी का करू नये?" मी म्हटलं, "वरचं सोड. ज्याचं जातं तो बघत असतो ना? तो रात्रंदिवस त्या रिकाम्या जागेकडेच बघत असतो." आणि तुझीच गोष्ट सांगितली. म्हटलं, माझा मामा देवभोळा, पण शेजारणीच्या डुकरिणीसाठी रानात हिंडला तो देवाच्या भीतीने नव्हे, शेजारणीचं तोंड बघवेना म्हणून. मुलांनी टाळ्या वाजवल्या.

तुझा,
ओतिया


लेखुरी
१० डिसेंबर १९७३

ओतिया, अरे गाढवा,

ते लोढणं भिंतीवर? भिंतीवर?? काढ आणि जाळ. शेगडी नसेल तर मालकिणीच्या चुलीत घाल. तुला ना देव ना धर्म, मग एक क्रूस जाळायला काय धाड भरली आहे? मला जमत नाही म्हणून तर तुझ्याकडे… बरं ते राहू दे. जाळ.

आता खरं काम ऐक. देस्पिनेने माझ्यावर आळ घेतला आहे. माझ्यावर! म्हणते, डुकरीण मुर्झाकानच्या कुंपणाशी शेवटची दिसली. अशी शेकडो डुकरं दिसतात. पण गाव तुला माहीत आहे. म्हाताऱ्यांनी ठरवलं, संत गिओर्गीच्या तसबिरीवर हात ठेवून सोक्षमोक्ष लावायचा. सरकारी कागदावर ते चर्च आता बटाट्याचं कोठार आहे, पण किल्ली अजून म्हाताऱ्या तातारकानकडेच आहे आणि चांदीची तसबीर बटाट्यांच्या मागे आहे तशीच आहे.

माझ्या बाजूने शपथ कोणी घ्यायची, हे रिवाजाप्रमाणे देस्पिनेने ठरवायचं. मला वाटलं तातारकानला सांगेल, तो शिंकायच्या आधीसुद्धा छातीवर क्रूस काढतो. तर म्हातारी म्हणते काय, "मला ओतिया पाहिजे." तू! सगळे तोंडाकडे बघत राहिले. मी खाली मान घातली, कारण मला हसू आवरत नव्हतं.

अरे, म्हातारीने स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेतला आहे! दुसरा कोणी असता तर हात ठेवताना त्याला घाम फुटला असता. तुला काय? तुझ्या लेखी ती चांदी ठोकलेली फळी. यायचं, हात ठेवायचा, "मामाच्या दारात ती डुकरीण आलीच नाही" एवढं म्हणायचं आणि जेवून जायचं. खोटी शपथ घेणाऱ्याचं तोंड संत वाकडं करतो म्हणतात. पण तुझं वाकडं करायला आधी तो असायला हवा ना!

जानेवारी संपला की ये. मामी कुबदारी करणार आहे. आतलं मांस आमच्याच बोकडाचं, या भाकरीची शपथ.

मामा


कुताइसी
२२ डिसेंबर १९७३

ती. मामा,

यायला जमणार नाही. तसबिरीवर हात ठेवला हे इथे कळलं, तर मला वर्गाच्या दारातूनही आत घेणार नाहीत. रोज वर्गात देव नाही म्हणायचं आणि सुट्टीत कोठारात जाऊन हात ठेवायचा?

पण ते दुय्यम. एक साधा प्रश्न विचारतो. मामा, तू नेलीस का ती?

कारण फळीला मी घाबरत नाही, हे खरं. पण फळीवर हात ठेवून जे बोलायचं ते तरी खरं पाहिजे ना? खोटं ते खोटंच, तसबिरीवर बोललं काय आणि स्वयंपाकघराच्या टेबलावर बोललं काय. तुमचं सोपं असतं. खोटं बोललात तर तुम्ही आणि संत आपसात काय ते मिटवता. मी कोणाशी मिटवू?

आणि आणखी एक. मी त्याला त्रिकोण म्हटलं, खुंटी म्हटलं. तू लोढणं म्हणालास. कुंपणातून घुसू नये म्हणून तुमच्याकडे डुकरांच्या गळ्यात घालतात, ते लोढणं. मी भिंतीकडे बघत बसलो आहे.

तुझा,
ओतिया


लेखुरी
९ जानेवारी १९७४

चि. ओतिया,

तुझा प्रश्न मिळाला. शिकलेल्या माणसाने असा खाडकन प्रश्न विचारू नये. आधी हवापाणी विचारावं. थंडी कडक आहे. मामीचा गुडघा दुखतो.

मागच्या आठवड्यात बिबाच्या नातवाचं बारसं झालं. तुला माहीत आहे, या गावात पंगत बसली की तमादा मी. पहिला ग्लास माझ्या हातात, पहिले शब्द माझे, मी बोलल्याशिवाय कोणी घोट घेत नाही. त्या दिवशी मला दाराशी बसवलं. ग्लास फिरत आला, माझ्या हातावरून पुढे गेला, ओतिया. मी हात पुढे केलेला तसाच राहिला. कोणी माझ्याकडे बघितलं नाही, शिवीसुद्धा दिली नाही. घरी येऊन रडलो. मामीला सांगितलं, डोळ्यात धूर गेला. ती म्हणाली, चूल तर विझली आहे.

तू आलास तर सगळं जागच्या जागी येईल. नाहीतर मी मरेपर्यंत दाराशी बसणार.

आता तुझा प्रश्न. चोरी म्हणजे काय, ते तूच सांग, तुझा विषय आहे. दुसऱ्याच्या गोठ्यातून उचलून आणलं तर चोरी. पण समज, एखादी डुकरीण गळ्यात लोढणं असूनही कुंपण मोडून आपल्या पायांनी कोणाच्या बटाट्यात शिरली. समज, सगळी ओळ उकरली. त्या माणसाने रागाने फावडं फेकलं, आणि आयुष्यात कधी नव्हे ते नेमकं लागलं. मग काय, मांस कुजू द्यायचं? अन्न टाकणं पाप आहे, हे तुझ्या आजीने शिकवलं होतं.

आणि समज, त्यातली मांडी एका भाच्याने आपल्या साहेबाला बोलावून फस्त केली. त्याचं काय? मी फक्त समज म्हणतोय. संत गिओर्गीची शपथ.

मामा


कुताइसी
२० जानेवारी १९७४

मामा,

तुझं पत्र वाचून आधी पोट धरून हसलो. मग उठलो, मोरीपाशी गेलो, आणि परत आलो. दोन महिन्यांपूर्वी खाल्लेलं आता काय बाहेर येणार! खाई त्याला खवखवे म्हणतात. इथे चोरून खाल्लंस तू आणि खवखवतंय मला.

मी त्या वर्गात तुझ्या नावावर टाळ्या घेतल्या रे! ज्या बाईची डुकरीण पोटात घातलीस, तिच्याबरोबर सबंध दुपार हाका मारत हिंडलास? काय हाका मारल्यास? आणि वर मला शेजारधर्म शिकवतोस!

मला एकच कळत नाही. मारताना देव आडवा आला नाही, खाताना आला नाही, पत्रापत्रात शपथा वाटताना आला नाही. फक्त लाकडावरचा क्रूस जाळायची वेळ आली तेव्हा आडवा आला! तुझा देवाचा धाक एवढा नेमका जागा कसा होतो? आणि ते काम कोणावर टाकलंस, तर माझ्यावर, कारण मी बिनदेवाचा, मी काय वाट्टेल ते करेन. तुझ्या घरात वाढलो मी, मामा. मी वाट्टेल ते करतो असं तुला कधी दिसलं?

तुझ्या हातावरून ग्लास पुढे गेला हे वाचलं तेव्हा मात्र पत्र उलटं ठेवलं. आई गेल्यावर तू मला खांद्यावर घेऊन त्याच पंगतीत बसायचास. तुला दाराशी बसलेला मला बघवणार नाही. म्हणून येतोय, नोकरीचं काय व्हायचं ते होवो. कोटाची खुंटी बरोबर आणतोय. हात कशावरही ठेवणार नाही, पण देस्पिनेने विचारलं तर मला ठाऊक आहे ते सांगणार. त्याआधी तू स्वतः तिच्या दारात जा. कुंपण ओलांडलं की दार आहे.

तुझा,
ओतिया


लेखुरी
२७ जानेवारी १९७४

ओतिया,

येऊ नकोस. बर्फाचा कडा कोसळला आहे. रस्ता बंद आहे. पूल वाहून गेला. शोता तापाने फणफणला आहे, उठत नाही. संत गिओर्गीची, आईची आणि भाकरीची, तिन्ही शपथा.

मामा


कुताइसी
३१ जानेवारी १९७४

मामा,

तुझं पत्र शोताने स्वतः हातात दिलं. बंद रस्त्याने आणि वाहून गेलेल्या पुलावरून आला. तब्येत ठणठणीत आहे, माझ्याकडे दोन ताटं जेवला. गुरुवारी त्याच्याच बसने निघतोय.

ओतिया


लेखुरी
१२ फेब्रुवारी १९७४

चि. ओतिया,

या वेळी खरंच कोसळला होता. तू खाली अडकून परत फिरलास हे शोताने सांगितलं. सुखरूप आहेस ना? मामी सारखी विचारते.

आता मी काय केलं ते ऐक. शपथेच्या आदल्या दिवसापासून मी गुडघे टेकून मागत होतो, कडा पडू दे, बस अडू दे. आणि पडला की रे! सकाळी चर्चच्या पायरीवरून बघतो तर खाली सगळी दरी पांढरी. देव तारी त्याला कोण मारी! मी मिश्यांना पीळ दिला आणि छाती काढून आत गेलो.

तातारकान म्हणाला, "ओतिया येत नाही. मग मुर्झाकाननेच हात ठेवावा." ठेवतो म्हटलं. मी तयारीनिशी गेलो होतो. संताला मनात एक बैल बोलून ठेवला होता. तो काही आजचा ओळखीचा नाही. माझ्या आजोबांनी याहून मोठ्या भानगडी एका बोकडात मिटवल्या होत्या. हात अर्धा पुढे गेला, तेवढ्यात देस्पिने म्हणाली, "थांब. याची शपथ मला नको. मी ओतियाला मागितलं होतं."

तातारकान चिडला. "अगं, तो देवच मानत नाही! त्याच्या शब्दाला किंमत काय?"

म्हातारी म्हणाली, "तुम्ही सगळे खोटं बोलाल, संताला बैल कापाल आणि रात्री सुखाने घोराल. त्या पोराला माफ करायला वर कोणी नाही. म्हणून तो जपून बोलतो. लहानपणी माझी सफरचंदं चोरली होती, तर संध्याकाळी स्वतः सांगायला आला, पोट दुखतंय म्हणून औषधही मागून गेला."

मग माझ्याकडे वळली. "मुर्झाकान, तो हात खिशात घाल. एवढंच सांग, ओतिया आज इथे असता तर काय म्हणाला असता?"

मेल्या, संताची तयारी करून गेलो होतो, तुझी तयारी केली नव्हती! डोळ्यांसमोर तू आलास, चष्म्यावर वाफ, काखेत ती खुंटी, आणि तोंडावर तो तुझ्या आईसारखा भाव. तुला बैल देऊन चालत नाही. मी म्हटलं, "म्हणाला असता, मामाने खाल्ली. मांडी मलाही पाठवली."

मग तातारकान खो खो हसायला लागला आणि बटाट्यांच्या पोत्यावरच बसला. देस्पिने हसली नाही. तिने एवढंच विचारलं, "लोढणं कुठाय?"

ओतिया, तिला डुकरिणीचं काही नव्हतंच. ते लोढणं तिच्या नवऱ्याने, बेक्नूने कोरलं होतं, शेवटच्या हिवाळ्यात, हात कापत असताना. त्यानंतर त्याने सुरी हातात धरली नाही. म्हणून ती ओरडत हिंडत होती, आणि मी शेजारी उभा राहून तिला अस्वल सांगत होतो. मला इतकी लाज कधी वाटली नव्हती. मी सांगितलं, जाळलं नाही, माझी छाती झाली नाही, ओतियाकडे आहे, तो त्याच्यावर कोट टांगतो. ती म्हणाली, "टांगतो ना? मग नीट असेल."

शिक्षा म्हणजे वसंतात दोन पिल्लं द्यायची, आणि तीन पंगतींत बसायचं नाही, उभं राहून इतरांना वाढायचं. पहिली पंगत काल झाली. मी आराकी ओतत फिरत होतो. देस्पिनेपाशी आलो. तिने ग्लास भरून घेतला आणि उचलून माझ्याच हातात दिला. मी प्यालो. आणि त्या घरात धूर अजिबात नव्हता.

एक सांगतो, रागावू नकोस. देवाने माझ्यासाठी अख्खा डोंगर खाली आणला होता. सुटलोच होतो! आणि तू, कुताइसीत बसून, मध्ये तंगडी घातलीस.

लोढणं शोताबरोबर पाठव.

मामा


कुताइसी
२४ फेब्रुवारी १९७४

ती. मामा,

लोढणं पाठवतोय. लोकरीच्या मफलरात गुंडाळलं आहे. मफलर देस्पिने मावशीला, बरोबर चहा आणि साखर. माझ्या वाट्याच्या मांडीबद्दल. विभागप्रमुखांनाही खरं सांगून टाकलं. ते उठून खोलीचं दार लावून आले आणि म्हणाले, "असंच आणखी एखादं कुंपण मोडलं तर कळवा." मालकीणबाई आता नुसत्या खिळ्याला हात जोडतात. कोट खुर्चीवर असतो.

तुझं पत्र मी किती वेळा वाचलं ते सांगत नाही.

पण मलाही एक सांगायचं आहे, आणि ते तुझ्या पत्राहून कठीण जातंय. कडा कोसळला तेव्हा बस घसरली. मागचं चाक दरीवर गेलं. तेव्हा मी मोठ्याने ओरडलो. काय ओरडलो, तर "संत गिओर्गी, वाचव!" एकदा नाही. बस थांबेपर्यंत.

मी काही बदललेलो नाही. वर कोणी आहे असं मला काल वाटत नव्हतं, आज वाटत नाही. तू लहानपणी खांद्यावर बसवून लावलेली सवय आहे, चाक घसरलं तशी तोंडातून घसरली. पण तुझ्याकडून खरं वदवून घ्यायचं आणि आपलं झाकून ठेवायचं, हे मला जमेना. शोताने ऐकलंच आहे, त्याने तुला सांगितलंही असेल. मामा, गावात पसरू देऊ नकोस. खाली कोणाच्या कानावर गेलं तर माझा विषय, माझी नोकरी आणि माझं तोंड, तिन्ही गेली. हवी तर शपथ घे, पण कोणाला बोलू नकोस.

तुझा,
ओतिया


लेखुरी
६ मार्च १९७४

चि. ओतिया,

लोढणं पोचलं. देस्पिनेने ते चुलीवरच्या भिंतीला टांगलं आहे, डुकराच्या गळ्यात आता घालणार नाही म्हणते. साखर चांगली आहे, असा तिचा निरोप. मफलर मामीला आवडला, पण मी हात लावू दिला नाही.

शोताने मला काही सांगितलं नव्हतं. त्याने काही ऐकलंच नाही. तो तुझ्याहून मोठ्याने ओरडत होता.

तुझं मी कोणाला सांगणार नाही. शपथ घेत नाही. नुसतं सांगतो.

मामा